काटा गेला, रेघा आल्या

रविवार, १२ जानेवारी २०२५

पप्पांच्या स्कूटरवर मीनाताई पुढे उभी राहायची आणि मी मागे. रोज सकाळी, नाशिकच्या उपनगर भागापासून कॉन्व्हेंट शाळेपर्यंत. ताई दोन्ही हातांनी हँडल धरून काट्यावर नजर ठेवायची. "पप्पा, तीस! पप्पा, चाळीस!" मला पप्पांच्या स्वेटरच्या विणीशिवाय काहीच दिसायचं नाही. मी मागून ओरडायची, "ताई, आता किती?" आणि ती मान वळवून म्हणायची, "शंभर!" मी विश्वास ठेवायची. वर्गात जाऊन सांगायची सुद्धा — आम्ही शंभरने आलो!

आज हे आठवलं, कारण ताई माझ्या गाडीत शेजारी बसली होती आणि वाकून काट्याकडे बघत होती. "ऐंशी झाले गं उजू. बाई, हळू!" साठी उलटली माझी, तिची तर सत्तरी आली, पण हिची पुढे बसून पहारा करायची सवय गेली नाही.

माझ्या गाडीतला काटा खरा नाही, स्क्रीनच्या काचेवर काढलेला आहे. वेग, बॅटरी, काय ते सगळं त्या काचेतच. पण गोल आहे, काटा आहे, तो हलतो. म्हणून तर ही गाडी घेतली.

भाऊजी गेल्यापासून ताई चांदवडच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. फक्त रविवारी, माझ्याबरोबर. मी नाशिकहून जाऊन तिला घ्यायचं, हायवेवरच्या हॉटेलपर्यंत जायचं, गाडी चार्जिंगला लावायची, चहा प्यायचा, परत. एवढंच. पण आठवडाभर तिला तेवढंच पुरतं. मला तर त्याहून जास्त!

परतल्यावर स्क्रीनवर पाटी आली — नवीन अपडेट आलं आहे, आत्ता की नंतर? मी 'नंतर' दाबलं.

बुधवार, १५ जानेवारी

पुन्हा विचारलं. पुन्हा 'नंतर'. चांगलं चाललेलं का बदलायचं?

रविवार, १९ जानेवारी

थंडी कडाक्याची. पिंपळगावपुढे लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, काचा बंद असूनही गाडीभर वास.

हॉटेलवाल्या कारभारींनी आम्हाला लांबूनच पाहिलं. "या मॅडम! गाडीला करंट पाजा, तुम्हाला मी चहा पाजतो. कुणाचं आधी भरतंय बघू." ताई म्हणाली, "तुमचा चहा एवढा पातळ, गाडीच आधी भरेल." कारभारी हसत गेले आणि खरंच दाट चहा आणून ठेवला.

ताई चहा पिताना फार बोलत नाही. आज एकदाच म्हणाली, "घरात सगळे चांगले आहेत गं. पण उजू म्हणून हाक मारावी असं कोणी नाही तिथे."

मग मी पेपर उघडला. ताई बघत होती. "मान वाकडी करून वाचतेस, अगदी पप्पा!" पप्पासुद्धा शेवटी शेवटी पेपर बाजूला धरून, कोपऱ्यातून बघितल्यासारखे वाचायचे. आम्ही हसायचो. मला बरं वाटलं. नाक पप्पांचं ताईला मिळालं, मान तरी मला!

शुक्रवार, २४ जानेवारी

पेपरची छपाई अगदीच बिघडली आहे. शब्दाच्या मधलं अक्षरच उठत नाही. पप्पांनी असला कागद पहिल्या नजरेत बाजूला काढला असता. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये त्यांचं काम तेच होतं. छापून आलेला ताव उजेडाला धरायचा आणि कुठे रेघ हलली, कुठे शाई फुटली, ते शोधायचं. एवढंसं भिंग असायचं खिशात. ते आता माझ्या टेबलावर आहे. घरी सुद्धा भिंतीवरचा फोटो केसभर कलला तरी त्यांना चैन पडत नसे. "आपल्या घराण्याचे डोळे आहेत," म्हणायचे. "यांच्याच जोरावर तुम्हाला शिकवलं."

न्हाणीघराच्या फरश्याही वाकड्या बसल्या आहेत. इतकी वर्षं कशा दिसल्या नाहीत? गवंड्याला बोलवावं.

सोमवार, २७ जानेवारी

काटा गेला!

काल सुयश आणि संजना जेवायला आले होते, ताईला घेऊन. ताईचा मुलगा आणि सून. संजना बिचारी शांत. गाडीभोवती फिरून बघत होती. मी विचारलं, "चालवतेस का?" तर म्हणाली, "लायसन काढून ठेवलंय मावशी. गाडी कोण देतंय?" सुयश म्हणाला, "हिला आधी स्कूटीवर खड्डा चुकवू दे." ती हसली, पण नुसती तोंडाने.

जेवण झाल्यावर सुयश म्हणाला, "मावशी, किल्ली दे, गाडी सावलीत लावतो." तेव्हा त्याने ते अपडेट दाबलं. न विचारता!

आज सकाळी गाडी चालू केली. गोल चकती नाही, काटा नाही. मधोमध एक मोठा आकडा, त्याच्या खाली गाडीचं खेळण्यातलं चित्र आणि चित्राच्या दोन्ही बाजूंनी रस्त्याच्या दोन रेघा. त्या रेघाही धड नाहीत! मध्येच पोटात कळ आल्यासारख्या वाकलेल्या. आणि चालवताना आकडाही अर्धवट. बासष्टमधला सहा दिसतो, दोन पुसलेला. असलं काम लोकांना विकतात?

सुयशला फोन केला.

"कोणाला विचारून केलंस?"

"मावशी, सेफ्टीचं असतं त्यात काहीतरी. म्हटलं तुला कटकट नको."

"माझी कटकट माझी मी बघेन. माझ्या गाडीला हात लावायचा नाही पुन्हा."

"अगं पण..."

मी फोन ठेवला. लहानपणी याला मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली मी. पण राग आला तो आलाच.

बुधवार, २९ जानेवारी

सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवर अंजली नावाची बाई आहे, चाळिशीची, गोड बोलणारी. गाडीत येऊन बसली, स्क्रीन पाहिली.

"मॅडम, लाइन्स सरळच आहेत की."

"नीट बघा. मध्ये वाकल्यात."

तिने खिशातल्या कापडाने काच पुसली. मान तिरकी करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "मॅडम, आकडा वाचून दाखवता का?" मी म्हटलं, मी तक्रार करायला आलेय, परीक्षा द्यायला नाही.

जुना काटा परत आणता येईल का विचारलं. "नाही हो मॅडम. एकदा पुढे गेलं की मागे येत नाही." मग म्हणाली, "माझ्या आईचंही असंच आहे, नवीन काही नको असतं तिला."

अपमान वाटला. मी नवीनला घाबरत नाही. मी नोकरीला होते त्या कॉलेजच्या लायब्ररीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे दूर पळाले होते, मी शिकले. मला फक्त वाकडी रेघ सहन होत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टर बर्नडेट माझी टीप वर्गभर फिरवायच्या. सरळ म्हणजे कशी, ते दाखवायला.

रविवार, २ फेब्रुवारी

आजच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन, एवढं काही झालं नव्हतं.

ताईला घेऊन हॉटेलकडे निघाले होते. रस्ता मोकळा, ऊन कोवळं. ताई काहीतरी सांगत होती, संजनाने केलेल्या लोणच्याचं. समोर काही नव्हतं. खरंच नव्हतं! आणि एकदम ताई किंचाळली, "उजू, माणूस!"

ब्रेक दाबला. गाडी थांबली. तेव्हा तो दिसला, बॉनेटच्या अगदी पुढ्यात. पंक्चर झालेली मोटारसायकल ढकलत चाललेला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल, डोक्याला मफलर. गाडी स्टँडवर लावून तो माझ्या खिडकीशी आला.

"मावशे, दिसत नाय का? एवढा मोठा मानूस हाय मी!"

मी म्हटलं, "माफ करा. स्क्रीनकडे बघत होते. नवीन आहे."

"टीव्ही घरी बघायचा ना मग!" म्हणाला आणि मोटारसायकल ढकलत पुढे गेला.

मी स्क्रीनकडे बघत नव्हते. रस्त्याकडेच बघत होते.

हॉटेलवर ताईने चहाला हात लावला नाही. म्हणाली, "उजू, मी येताना सगळा वेळ ती स्क्रीन बघितली. रेघा सरळ आहेत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"रेघ सरळ आहे का वाकडी, एवढं पप्पांच्या पोरीला कळतं."

मग ती उठून माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने तळहाताने माझा डावा डोळा झाकला. लहानपणी मागून येऊन झाकायची तसा. फक्त या वेळी समोरून, एकच डोळा. "सांग, काय दिसतंय?"

ताईचा अंबाडा दिसला. कान दिसले, कानातल्या कुड्या दिसल्या. खांद्यावरचा पदर दिसला. चेहरा नव्हता. जिथे ताईचा चेहरा असायला हवा तिथे ओल्या कागदावर शाई पसरावी तसा डाग होता.

"दिसतंय की सगळं," मी म्हटलं.

ताईने हात काढला. तिचे डोळे भरले होते, ते मला डाव्या डोळ्याने चांगले दिसले. ती पुन्हा गाडीत बसली नाही. तिथूनच सुयशला फोन लावला.

तो संजनाला मोटारसायकलवर घेऊन आला. भांडणानंतर पहिल्यांदाच समोरासमोर. मी दुसरीकडे पाहिलं. तो ताईला मागे बसवून चांदवडला घेऊन गेला आणि मला नाशिकला सोडायला संजना गाडी चालवत आली. मी मागच्या सीटवर बसले. पुढे बसवेना. संजनाने दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं होतं, पण खड्डे सगळे चुकवले. मला सोडून ती एसटीने परत गेली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टरांना फोन केला नाही. बैठकीतली ट्यूबलाइट बदलून घेतली. उजेड कमी पडत असेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ट्यूबलाइटचा काही दोष नव्हता. स्क्रीनचाही नाही.

डॉक्टरबाईंनी हातात एक कागद दिला, गणिताच्या वहीसारखा चौकटीचौकटींचा, मध्ये एक काळा ठिपका. "डावा डोळा झाका. ठिपक्याकडे बघा. रेघा कशा आहेत?"

स्क्रीनवर वाकल्या होत्या तशाच. ठिपका तर नव्हताच. इतके दिवस ज्या कंपनीला मी शिव्या घातल्या, तिच्या गाडीतला बिघाड डॉक्टरबाईंच्या कागदावरही आला होता!

मग औषध घालून, दिवा टाकून, फोटो काढून झाले. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब झालाय. उजवा माझा जोराचा डोळा, म्हणून दोन्ही उघडे असतानाही त्याचाच डाग मध्ये यायचा; त्याचं गेलेलं परत येणार नाही. डाव्यात नुकती सुरुवात आहे, त्यात इंजेक्शनं देत राहिलं तर बराच काळ धरून ठेवता येईल. डोळ्यात इंजेक्शन! मी उसनं हसले, तशी त्या म्हणाल्या, "दुखत नाही एवढं. भीतीच जास्त असते."

"घरात कोणाला होतं का असं?"

मी नाही म्हणणार होते. आपल्या घराण्याचे डोळे! आणि तोंड उघडलं तसे पप्पा समोर आले — खिडकीत बसलेले, पेपर बाजूला धरून, मान वाकडी करून वाचणारे. आम्ही दोघी हसायचो. तेही हसायचे. त्यांना कळलं असेल का? ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या छपाईतली हललेली रेघ पकडली, त्याला स्वतःची रेघ हललेली कळली नसेल? का कळूनच गप्प बसले? मुलींना घाबरवायचं नाही म्हणून.

"हो," मी म्हटलं. "वडिलांना."

मग त्यांनी विचारलं, मला कधी लक्षात आलं. मी गाडीचं सांगितलं, अपडेटचं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "बरं झालं रेघा आल्या ते. गोल काटा तुम्ही कडेकडेने वाचत राहिला असतात. एक डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो. अजून उशिरा आला असतात तर डावाही हातचा गेला असता."

उठताना मी विचारलं, "गाडी?"

त्यांनी 'नाही' अशी नुसती मान हलवली. मी समोरच होते. तेवढं दिसलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुयशला फोन केला. म्हटलं, "अपडेट चांगलं आहे रे." आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, जेवलीस का?"

रविवार, ९ फेब्रुवारी

रविवार आणि मी घरी! सकाळी अंघोळ करून, साडी नेसून, बुद्धवंदना म्हणून तयार झाले. मग आठवलं. गाडी खाली उभी आहे, कव्हर घालून. खिडकीतून कितीदा पाहिली असेल. हौशी नाही मी, पण त्या गाडीवर जीव होता. आयुष्यभर मागे बसलेल्या बाईला कोणी एकदम हँडल द्यावं तसं वाटायचं.

ताईची काळजी वाटत होती. आता ती घरातच बसणार. माझ्यामुळे दार उघडलं होतं, माझ्यामुळे बंद झालं.

अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात ताई! पिशवी काखेत, कपाळाला घाम, चपलेचा अंगठा तुटलेला.

"कोणाबरोबर आलीस?"

"एसटीने आले."

"एकटी?"

"मग काय बँडबाजा लावून येऊ? तू येत नाहीस म्हणून मी आले. सुयशला सांगितलं नाहीये, त्याला फोन करून टाक. लय ओरडेल."

मी तिला पाणी दिलं. तिने पिशवीतून लोणच्याची बरणी काढली, संजनाने दिलेली. एसटीत एका बाईने तिला खिडकीची जागा दिली, ते तीनतीनदा सांगितलं. कुठल्या गावात कोण चढलं, कोण उतरलं, सगळं. भाऊजी गेल्यापासून तिचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता.

दुपारी मी तो चौकटीचा कागद काढला. तिच्यासमोर बसले. या वेळी मी तिचा डोळा झाकला. आधी डावा, मग उजवा. माझं बोट घसरलं, ती ओरडली, "नाकात बोट जातंय!"

"रेघा कशा आहेत ताई?"

"सरळ."

"नीट बघ. ठिपका?"

"आहे. काळाकुट्ट. उजू, सरळ आहेत गं सगळ्या."

मी कागद खाली ठेवला आणि रडले. आनंदानेच. पण खोटं कशाला लिहू, एक क्षण असंही वाटलं, पुन्हा हिलाच काटा दिसणार आणि मला स्वेटर.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन झालं. दुखलं नाही एवढं. सुयश बरोबर होता. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाला, "पायरी आहे, मावशी." पायरी मला दिसत होती. तरी हात सोडला नाही.

रविवार, २ मार्च

संजना चांदवडहून आली, ताईला एसटीने घेऊन. गाडीचं कव्हर तिनेच काढलं. तिघी गेलो. संजना चालवत होती, ताई पुढे, मी मागे. कारभारी बाहेर आले, गाडीत डोकावले, मला मागे पाहिलं. थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं त्यांनी. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आता ड्रायव्हर ठेवलाय! मोठी मानसं झाली." आणि चहा आणायला वळले तेव्हा खांद्यावरच्या फडक्याने नाक पुसलं.

येताना स्क्रीनवर पुन्हा पाटी आली. संजनाने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि वळून विचारलं, "मावशी, नवीन अपडेट आहे. काय करू?"

कोणी मला विचारलं, तेवढंच पुरे होतं.

रविवार, ९ मार्च

मोठ्या अक्षरात लिहितेय, ओळी वाकड्या गेल्या तर जाऊ देत. सिस्टर बर्नडेट आता कुठे बघणार आहेत? हे पान सुयशने वाचायचं, मी गेल्यावर. काही गोष्टींना मात्र तोवर थांबायचं नाही.

गाडी संजनाला. आत्ताच, आणि कागद तिच्याच नावावर करायचे. सुयशला मोटारसायकल आहे, ती पुरे. अपडेट आलं की आत्ता की नंतर, ते संजना ठरवेल. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

चौकटीचा कागद ताईला. कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. रोज सकाळी वेणी घालताना एकेक डोळा झाकून बघायचा, कंटाळा करायचा नाही. सुयश, तूही बघायचास. आजोबा तुझेही होते.

माझी पुस्तकं विहाराच्या वाचनालयाला. पप्पांचं भिंग ताईला, पण इतक्यात नाही, अजून मला लागतंय.

रविवारी गाडीत पुढची सीट ताईची. आकडा मोठ्याने सांगायचं काम तिचं. मी मागून विचारेन. तिने शंभर म्हणावं.

आणि डोळे नेत्रपेढीला. मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं, हे बिघडलेले कोण घेणार? तर म्हणाल्या, बिघाड आतल्या पडद्यात आहे, पुढची काच स्वच्छ आहे, ती दुसऱ्याला बसते. मी गेले की वेळ घालवू नका, लगेच फोन करा. कोणाला मिळाले ते सांगत नाहीत म्हणे. नको सांगू देत.

ज्याला मिळतील, त्याला कोणीतरी पुढे बसवा.